नितळरावांचं गढूळ पाणी

११ डिसेंबर २०१८ रोजी माझ्या टेबलावर ४,३८६ रुपयांचं डिझेलचं बिल आलं आणि मी ते बाजूला ठेवलं. रक्कम मोठी नव्हती. पण बिलाला जोडलेल्या फेऱ्या बघितल्या तर पाच आठवड्यांत जीप चार वेळा एकाच धरणावर गेली होती, आणि चारही वेळा कारणाच्या रकान्यात तोच मजकूर होता: गळतीचे पाणी गढूळ असल्याचा निरोप, पाहणी केली, पाणी नितळ आढळले. चारही निरोप देणारा माणूस एकच होता. घेणाराही एकच होता, तो म्हणजे मी.

आमच्या पाटबंधारे उपविभागात मी लेखापाल आहे. फोन उचलणाऱ्याची जागा कितीतरी वर्षं भरलेली नाही, म्हणून फोन माझ्या टेबलावर असतो. उपविभागाकडे सात लहान धरणं, सगळी मातीची. प्रत्येकावर एक चौकीदार, आणि प्रत्येक चौकीदाराने सकाळी फोन करून तलावाची पातळी कळवायची, अशी पद्धत. बाकीचे सहाजण आठवण झाली तर करतात. हा गृहस्थ मात्र मी खुर्चीला टेकतो न टेकतो तोच करायचा. पातळी सांगायचा आणि मग म्हणायचा, “गळती नेहमीइतकीच. पाणी नितळ.” वर्षानुवर्षं हेच ऐकून आमच्या ड्रायव्हरने त्यांचं नाव नितळराव ठेवून टाकलं. खरं नाव हजेरीपटावर होतं. ते पगाराच्या दिवशी वाचलं जायचं, तेवढंच.

मातीचं धरण थोडंफार झिरपतंच. हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. पण नुसत्या झिरपण्यात धोका नसतो. धरणाच्या मागच्या अंगाला, पायथ्याशी, दगडगोट्यांनी भरलेला एक चर असतो. झिरपलेलं पाणी त्या चरातून वाहत सिमेंटच्या एका लहानशा हौदात येतं आणि लोखंडी पत्र्याला पाडलेल्या त्रिकोणी खाचेतून बाहेर पडतं. ते नितळ असलं की धरण ठीक. गढूळ आलं तर समजायचं की पाणी येताना आतली माती घेऊन येतंय, धरण पोटातून पोखरलं जातंय. त्या खाचेतून पडणाऱ्या पाण्याकडे रोज बघायचं, बाटलीत धरून उजेडात बघायचं, ही नितळरावांची नोकरी.

ते त्या धरणावर आले ते दगड लावायला. धरण बांधून झालं, ठेकेदार माणसं घेऊन दुसऱ्या कामावर गेला आणि उरलेल्या दगडांवर लक्ष ठेवायला यांना मागे ठेवून गेला. तो परत आलाच नाही. दगड तिथेच राहिले आणि हेही. पुढे खात्याने त्यांना चौकीदार म्हणून कायम केलं, धरणाच्या मागच्या पायथ्याजवळ एक खोली आणि स्वयंपाकघर बांधून दिलं. मग लग्न झालं. बायको तिथे आली. जवळचं घर म्हणजे पायी अर्धा तास. मुलगी झाली, ती शाळेच्या वयाची झाल्यावर तिला मावशीकडे ठेवली. नवरा-बायको दोघंच धरणाखाली राहिले. मुलीचं लग्न झालं, तिला बाळ झालं, तेव्हा नितळरावांची बायको दोन महिन्यांसाठी म्हणून मुलीकडे गेली. तो नातू आता दप्तर घेऊन शाळेत जातो. ती अजून तिकडेच आहे.

हे सगळं मला फोनवर कळलं. पातळी सांगून झाली तरी नितळराव फोन ठेवत नसत.

“भाऊसाहेब, आज धुकं फार. पलीकडचा काठ दिसत नाही.”

“बरं.”

“काल बगळे आले होते.”

“बरं.”

“तुम्हाला काम दिसतंय आज.”

“हो, महिनाअखेर आहे.”

“मग ठेवतो.”

पण ठेवायचे नाहीत. मीच ठेवायचो.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला एका सकाळी ते म्हणाले, “भाऊसाहेब, पाणी गढूळ आहे.” मी पेन खाली ठेवलं. पुन्हा विचारलं. “गढूळ,” ते म्हणाले, “बाटलीच्या तळाशी माती बसतेय.” नियम असा की गढूळ म्हटलं की अभियंत्याने त्याच दिवशी जाऊन बघायचं. आमच्या कनिष्ठ अभियंता म्हणजे एक तरुण बाई. आम्ही सगळे त्यांना ताईच म्हणतो. ताई हातातलं टाकून जीपमध्ये बसल्या. दोन तासांचा रस्ता. पोचल्या तेव्हा खाचेतून पाणी पडत होतं ते आरशासारखं. नितळरावांनी सकाळी भरून ठेवलेली बाटली दाखवली. तिच्या तळाशी नखाएवढी माती होती. ताईंनी चर बघितला, धरणाचा उतार चालून बघितला, ओल कुठे दिसली नाही. परत आल्या. दहाएक दिवसांनी पुन्हा तेच. मग पुन्हा. मग चौथ्यांदा.

ड्रायव्हर म्हणायला लागला, “बाटलीत माती काय, कुणीही टाकेल. नितळरावांना माणसं बघायची असतात हो. सिनेमाला तिकीट पडतं, जीप फुकट.” लोक हसले. मीही हसलो असेन. चौथ्या फेरीत ताईंनी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, “मामा, खरं सांगा, इथे एकटं वाटतं का?”

“एकटं तर वाटतंच, ताई,” ते म्हणाले म्हणे, “पण त्याचा पाण्याशी काय संबंध?”

ताईंनी प्रामाणिकपणे चारही निरोप वर कळवले होते. धरण सुरक्षा कक्षाने उत्तर पाठवलं: शुक्रवारी मोठे अभियंते स्वतः येतील, गढूळपणाचं कारण सापडलं नाही तर खबरदारी म्हणून तलाव निम्म्याच्या खाली आणायचा. म्हणजे दारं उघडून पाणी ओढ्याला सोडून द्यायचं. खालच्या शेतांना पाण्याच्या दोन पाळ्या अजून बाकी होत्या.

आमच्या उपविभागाच्या साहेबांनी मला आत बोलावलं. “तिथली भांडारतपासणी राहिलीये ना तुमची? उद्याच जा. दोन रात्री राहा. फावडी मोजा आणि माणूसही बघा.”

“साहेब, पाण्यातलं मला काय कळणार?”

“पाण्यातलं ताई बघेल. तुम्ही त्याच्याशी इतकी वर्षं बोलताय. खोटं बोलतोय का, एवढं तर कळेल. डोक्यावर परिणाम झाला असेल तर तसं लिहून द्या, आपण त्याला इकडे कार्यालयाच्या गेटवर आणू. बिल तोवर राहू द्या.”

बुधवारी दुपारी जीपने मला धरणाखाली सोडलं आणि धूळ उडवत परत गेली. आवाजावरून मी एक बुटका, गोल माणूस मनात धरला होता. समोर आला तो उंच, वाकलेला, मोठ्या हातांचा. आम्ही एकमेकांकडे बघत उभे राहिलो. “या,” ते म्हणाले आणि पुढे काय बोलावं ते त्यांना सुचेना. मलाही सुचेना. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की ते पाठ करून उभे राहिले की नीट बोलतात. स्टोव्हकडे तोंड असलं, दाराबाहेर बघत असले की फोनवरचे नितळराव. वळले की गप्प. मग मीही खिडकीकडे तोंड करून बसलो आणि गाडी रुळावर आली.

खोली स्वच्छ होती. एका खाटेवर त्यांचं अंथरूण. दुसऱ्या खाटेवर गादी गुंडाळून वर धुतलेली चादर टाकलेली. दाराच्या मागे दोन खुंट्या. एकीवर त्यांचा खाकी शर्ट, दुसरीवर बाईमाणसाची छत्री. भांडारात चार फावडी, दोन कुदळी, घमेली, माती ठोकायचे लाकडी धुमस, सगळं जागच्या जागी. माझी तपासणी अर्ध्या तासात संपली आणि दोन दिवस हातात राहिले.

खोलीच्या आणि धरणाच्या पायथ्याच्या मधल्या पट्ट्यात शेवंतीचा वाफा होता. पिवळी फुलं, इतकी दाट की माती दिसत नव्हती. “तिचा आहे,” नितळराव धरणाकडे बघत म्हणाले. “जाताना सांगून गेली, एक दिवसाआड पाणी घाल, रोज घातलंस तर मुळं कुजतील. शेवंती मेली तर मी यायची नाही, असंही म्हणाली. चेष्टेत.”

“मग? जगलीय की चांगली.”

“हो ना,” ते म्हणाले.

गुरुवारी सकाळी मी त्यांच्याबरोबर धरण चाललो. एरवी एकट्याने चालायची वाट. दोघांना शेजारी शेजारी चालता येत नव्हतं, म्हणून ते पुढे आणि मी मागे. वर एका बाजूला पाणीच पाणी, दुसऱ्या बाजूला खाली शेतं, आणि मधे आम्ही दोघं. कुठे हालचाल नाही. मग पायथ्याच्या खोलगट मधल्या भागात, खोलीपासून बऱ्याच अंतरावर असलेल्या हौदापाशी गेलो. त्यांनी बाटली भरली, पांढऱ्या कागदावरच्या काळ्या रेघेसमोर धरली. रेघ स्पष्ट दिसत होती. नितळ.

दुपारी पाणी वापर संस्थेचा अध्यक्ष मोटारसायकलवरून आला. खालच्या शेतकऱ्यांचं पाणी वाटायचं काम याचं. माणूस वाईट नव्हता, पण दोन रात्री झोपलेला नसावा.

“भाऊसाहेब, तुम्हीच सांगा,” तो उतरायच्या आतच सुरू झाला. “एकशेचाळीस हेक्टरातलं पीक उभं आहे. दोन पाळ्या मिळाल्या तर हाती लागेल. आणि हे पाणी ओढ्याला सोडणार! का, तर यांना इथे करमत नाही!”

नितळराव धरणाकडे बघत उभे होते.

“अरे बाबा, बायको येत नसेल तर तिला फोन कर. जीप कशाला बोलावतोस?”

“गढूळ होतं,” नितळराव म्हणाले.

“आज आहे?”

“आज नाही.”

“उद्या मोठे साहेब येतील तेव्हा असेल?”

“ते मी कसं सांगू?”

“बघा!” अध्यक्ष माझ्याकडे वळला. “म्हणजे गढूळही नाही आणि नितळही नाही. आम्ही मरायचं कशावर, तेवढं ठरवून कळवा.” मोटारसायकलला दोन-तीन किका मारून तो गेला.

नितळराव आत आले. मग स्टोव्ह पेटवता पेटवता म्हणाले, “भाऊसाहेब, तुम्हाला काय लिहायला सांगितलंय ते मला माहीत आहे. ड्रायव्हरने सांगितलं. नितळराव म्हणतात तेही माहीत आहे.”

“मी अजून काही लिहिलेलं नाही.”

“लिहा काय ते. खोटारडा लिहा पाहिजे तर. पण मला इथून हलवू नका. दोन वर्षं राहिलीत. ती आली तर इथेच येणार. शहरातल्या खोलीत ती कशाला येईल? तिथे तिचं काय आहे?”

मी म्हणालो, बघू. तोवर मलाही वाटायला लागलं होतं की ड्रायव्हर म्हणतो ते खरं असावं. एका दिवसातच मीही मोटारसायकलचा आवाज ऐकून दारात धावलो होतो.

शुक्रवारी सकाळी त्यांनी मला बादलीभर गरम पाणी दिलं आणि वाफ्याच्या कडेला असलेला दगड दाखवला. “इथेच करा आंघोळ. ऊन येतं. तिनेच बसवलाय दगड; पाणी वाफ्याला जातं, वाया जात नाही.” स्वतः त्यांनी नळाला पाइप लावला आणि वाफ्यात सोडला. मी साबण भरपूर लावणारा माणूस आहे. घरी यावरून बोलणी खातो. डोक्याला फेस असतानाच त्यांचा फोन वाजला. त्यांनी नाव बघितलं, शर्टाला हात पुसले आणि झपाझप धरणाच्या पायऱ्या चढायला लागले. खाली आवाज तुटक येतो, वर नीट येतो. वर जाऊन ते पाण्याकडे तोंड करून बसले. मी दुसरी बादली घेतली. मी अंग पुसून कपडे घातले तरी ते वरच होते. पाइप वाहत होता. वाफा काठोकाठ भरला होता आणि धरणाच्या बाजूच्या कोपऱ्यातून पाणी कुठेतरी जात होतं. मी तिकडे बघितलं, पण लक्ष दिलं नाही.

ते खाली आले तेव्हा चेहरा उजळलेला होता. “नातू पहिला आला चित्रकलेत,” असं त्यांनी मला चक्क समोरासमोर सांगितलं. नळ बंद केला. आम्ही हौदाकडे गेलो.

खाचेतून पडणारं पाणी चहासारखं होतं.

नितळरावांनी बाटली भरली. काळी रेघ दिसेना. त्यांनी बाटली माझ्या हातात दिली, परत घेतली, परत दिली. “बघा,” ते म्हणाले. “बघा ना, भाऊसाहेब. तुमच्या डोळ्यांनी बघा.” धरण पोखरलं जातंय याची भीती त्यांच्या चेहऱ्यावर होती, पण त्याहून जास्त दुसरंच काहीतरी होतं. आपण खोटारडे नाही हे बघायला शेवटी कुणीतरी शेजारी उभं होतं, त्याचा आनंद होता तो.

मग मला हौदाच्या कोपऱ्यात फेस दिसला. तळहाताएवढा पांढरा फेस, पाण्याबरोबर गोल फिरत होता. मी वाकलो. वास ओळखीचा होता.

नितळरावांनीही बघितलं. ते वाकले, बोटावर फेस घेतला, नाकाशी नेला.

“हा तुमचा साबण?”

“वास तर तोच आहे.”

“आंघोळ कुठे केलीत?”

“तुम्ही सांगितलंत तिथेच.”

त्यांनी बोट दगडाला पुसलं. मग उठून म्हणाले, “परत ओता. मी इथे थांबतो. ओतलं की फोन करा.”

मी वाफ्याकडे गेलो, साबण चुरून बादलीत ढवळला आणि त्या कोपऱ्यात सगळी बादली ओतली. शेवंतीची रोपं हाताने बाजूला केली तेव्हा बीळ दिसलं. घुशीचं असावं, फार जुनं वाटत नव्हतं, मूठ सहज आत जाईल एवढं. पाणी आवाज करत त्यात शिरत होतं आणि चराच्या दिशेने जात होतं. मी फोन लावला. त्यांनी उचलला, पण कुणीच बोललं नाही. इतकी वर्षं आम्ही असेच फोनवर होतो, फक्त आज मधे दोन तासांचा रस्ता नव्हता आणि मी फोन ठेवण्याच्या घाईत नव्हतो. शेवटी ते म्हणाले, “आला. फेस आला, भाऊसाहेब.” मग तुटक आवाजात, “पाणीही गढूळ झालं.”

मी परत गेलो तेव्हा ते हौदाच्या कठड्यावर बसले होते.

“एक दिवसाआड पाणी घालतोच मी,” ते म्हणाले. “मग दर वेळी का नाही आलं गढूळ?”

मी म्हणालो, आज वाफा भरून वाहिला, एरवी वाहत नसेल. बीळ कोपऱ्यात वरच्या अंगाला आहे. पाणी तितकं चढलं तरच तिथे पोचणार.

“एरवी मी उभा असतो. भरत आला की बंद करतो.” ते थांबले. मग बोटं दुमडून मोजायला लागले. “पहिल्यांदा नातवाला ताप होता तेव्हा तिचा फोन आला. मग जावयाची बदली व्हायची होती तेव्हा. मग गॅसची टाकी कुठे नोंदवायची ते विचारायला.” चौथं त्यांना लगेच आठवलं नाही. आठवलं तेव्हा त्यांनी बोट दुमडलं, पण सांगितलं नाही. “तिचा फोन आला की मी वर जातो. नळ तसाच राहतो.”

“म्हणजे पाच आठवड्यांत चार फोन,” मी म्हणालो. सवयीने बोलून गेलो. न बोलतो तर बरं झालं असतं.

“हो,” ते म्हणाले. “आणि चारही वेळा जीप.” ते हसायला लागले. खरंच मोठ्याने हसले, आणि मग बंद झाले.

लांब रस्त्यावर धूळ दिसायला लागली. मी घाईने म्हणालो, “हे बघा, फोनचं सांगायची गरज नाही. बीळ सापडलं एवढं सांगा. पाणी पावसाचं गेलं म्हणा, काही म्हणा.”

“पाऊस कुठे आहे, भाऊसाहेब? आणि नळाचं कळलं नाही तर वाफा राहील. वाफा राहिला की मी पाणी घालणार.” ते उठले. “इतकी वर्षं जे दिसलं ते सांगितलं. आज काय वेगळं?”

जीपमधून सुरक्षा कक्षाचे मोठे अभियंते, त्यांचे दोन सहायक आणि ताई उतरले. मागोमाग अध्यक्ष आला, बरोबर आणखी चौघं. नितळरावांनी मोठ्या साहेबांना नमस्कार केला, मग सगळ्यांकडे पाठ केली, धरणाकडे तोंड केलं आणि रोजच्या सुरात सांगितलं: पातळी इतकी, गळती वाढलेली, पाणी गढूळ, कारण माझ्या वाफ्यातलं बीळ, नळ मी उघडा ठेवला, बायकोचा फोन आला की उघडा राहतो, आधीच्या चारही वेळा तसंच झालं असणार.

मग अध्यक्ष फिसकन हसला. “म्हणजे वहिनींनी धरण फोडलं!” चौघंही हसले. ड्रायव्हर जीपवर हात आपटून हसला. त्या हसण्यात सुटका जास्त होती. पाणी सुटणार नव्हतं, दोन्ही पाळ्या मिळणार होत्या. अध्यक्षाने पुढे येऊन नितळरावांच्या पाठीवर थाप मारली. “काल बोललो ते मनात ठेवू नकोस.” नितळराव म्हणाले, “नाही ठेवत.”

ताई हसल्या नाहीत. त्या वाफ्यात गुडघ्यांवर बसल्या आणि खांद्यापर्यंत हात बिळात घातला. “सर, चराभोवतीच्या वाळूच्या गाळणीपर्यंत गेलंय,” त्या म्हणाल्या. मोठे साहेबही वाकून बघत होते. “हसण्यासारखं नाही हे,” ते अध्यक्षाला म्हणाले. “आज वाफ्यातलं पाणी आत गेलं. उद्या याच वाटेने तलावाचं बाहेर आलं असतं. चौकीदार कळवत राहिला म्हणून आपण इथे उभे आहोत.” मग ते सरळ झाले आणि बोटाने दाखवत गेले: वाफा, आंघोळीचा दगड, नळ, मोरीचं पाणी, संडासाचा खड्डा. पायथ्यालगत काही लावायचं नाही, पाणी मुरू द्यायचं नाही, हा नियम धरणाइतकाच जुना. खोली बांधतानाच तो कुणी बघितला नव्हता. “बीळ खोदून काढा, चिकणमाती भरून ठोका. आणि ही खोली बंद करा. पायथ्याजवळ वस्ती नको.”

“साहेब, चौकीदार राहील कुठे?” मी विचारलं.

“वस्तीतला कुणीतरी दोन वेळा येऊन बघून जाईल. यांना तुमच्या कार्यालयात घ्या.”

मी ताईंकडे बघितलं. ताईंनी मान खाली घातली. साहेब चुकीचं काही बोलत नव्हते, ते आम्हा दोघांनाही कळत होतं. नितळरावांनी एकच प्रश्न विचारला, “वाफा मी काढू का? मजूर नकोत.”

दुपारभर त्यांनी वाफा काढला. रोपं एकेक करून मुळासकट उचलली, जुन्या तेलाच्या डब्यांत लावली. बीळ फूटभर रुंद खोदलं, ताईंच्या देखत थर देत माती भरली आणि धुमसाने ठोकली. काम पुरं झाल्यावर फोन घेऊन वर गेले. या वेळी लवकर खाली आले.

“काय म्हणाल्या?”

“म्हणाली, बरं झालं, पाणी घालायची कटकट सुटली तुझी.” त्यांनी धुमस उचलून भांडारात ठेवलं आणि माझ्याकडून यादीत मोजून घेतलं.

मी अहवालात लिहिलं: माणूस ठीक आहे, चारही निरोप खरे होते. डिझेलचं बिल सोमवारी मंजूर केलं. हलवू नका, असंही एक वाक्य मी लिहिलं होतं. आमच्या साहेबांनी ते वाचलं आणि म्हणाले, हे माझ्या हातात आहे का?

जानेवारीत ते आले. कार्यालयाच्या जिन्याखालची खोली त्यांना दिली. तिला खिडकी नाही, पण नळ आहे. गेटवर खुर्ची टाकून बसायचं, येणाऱ्याचं नाव लिहायचं. दिवसभर माणसं, मला वाटलं होतं, बरं वाटेल त्यांना. आम्ही रोज दोनदा समोरासमोर यायचो, जाता-येता. “काय नितळराव?” “बरं आहे, भाऊसाहेब.” पुढे दोघांनाही सुचायचं नाही. सकाळी माझ्या टेबलावरचा फोन वाजला की ते गेटवरून वर खिडकीकडे बघायचे. त्या धरणाचा फोन कधी यायचा, कधी यायचा नाही. आला तर मी खिडकीशी जाऊन मान हलवायचो. ते हात वर करायचे.

उन्हाळ्यात त्यांची बायको एकदा आली. गोरी, ठेंगणी, बोलकी बाई. गेटवरच्या सगळ्यांशी बोलली, माझ्याशीही बोलली. जिन्याखालची खोली बघितली, दिवा लावून परत बघितली, दुसरी खाट कुठे टाकणार ते विचारलं. खाट बसत नव्हती. ती दुपारच्या गाडीने गेली. शेवंतीचे डबे तोवर जिन्यालगत ठेवलेले होते, ऊन नसल्याने पानं उरली होती, फुलं नव्हती. जाताना त्यातला एक ती पिशवीत घालून घेऊन गेली.

गेल्या महिन्यात ते निवृत्त झाले. पेन्शनचे कागद मीच तयार केले. त्यात काही अडचण आली नाही. मुलीच्या गावी जाणार म्हणाले, तिच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून खोली बघितलीय, मुलीचं घर लहान आहे. निरोपाच्या दिवशी आम्ही गेटशी बराच वेळ रस्त्याकडे तोंड करून उभे राहिलो.

धरणावरून सामान आणलं तेव्हा टेम्पोवाल्याने शेवंतीच्या डब्यांचे वेगळे साठ रुपये मागितले होते. डबे नियमात घरसामान धरले जात नाहीत, म्हणून ते मी बिलात घेऊ शकलो नाही. मी देतो म्हणालो, पण त्या दिवशी माझ्याकडे सुटे नव्हते आणि ते नितळरावांनी दिले. पुढे दोन-तीनदा मी पाकीट काढलं, ते राहू द्या म्हणाले, आणि निरोपाच्या दिवशी माझ्या लक्षात राहिलं नाही. त्यांचे साठ रुपये मी अजून देणं लागतो.